पाखराचा दाणा

वनिताच्या मनातून तो शेंगदाणा जात नव्हता. घाटनांदूरहून परत येऊन आठवडा उलटला, शाळा सुरू झाली, मध्येच लेकीला, करिष्माला, ताप येऊन गेला, तरी पोळ्या लाटताना, रिक्षाची वाट बघताना, वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना तिला मायचा हात दिसायचा. काळवंडलेला, शिरा वर आलेला, बांगड्या पार कोपराकडे घसरलेला हात. तो हात पुठ्ठ्यावरच्या मधल्या घरात जातो, तिथला शेंगदाणा उचलतो आणि सरळ तोंडात टाकतो.

एक शेंगदाणा तर होता, त्याचं काय एवढं, असं तिने स्वतःला बऱ्याचदा बजावलं. आसारामला, नवऱ्याला, सांगून बघितलं. तो म्हणाला, म्हातारी माणसं लहान लेकरासारखी होतात, आणि तू प्रत्येक गोष्टीत काळजी शोधतेस. ते काही खोटं नव्हतं. करिष्माने डब्यातली अर्धी पोळी परत आणली तरी वनिता तिचं कपाळ चाचपून बघायची. पण काळजीखोर माणसाची काळजी दर वेळी खोटीच असते असं थोडंच आहे. आणि हा दाणा साधा नव्हता. तो पाखराचा होता. मायनेच तो खेळ काढला, मायनेच तो नियम घातला, आणि इतक्या वर्षांत तिने कुणालाही तो दाणा खाऊ दिला नव्हता.

मायचं नाव सिंधुबाई. तिचं माहेर धारूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या उतारावरच्या एका वाडीत. बापाला जमीन नव्हती. ज्वारीची सुगी सरली की तिची आई तिला घेऊन सरव्याला जायची. काढणी झालेल्या रानात मागे पडलेली कणसं वेचायची, त्याला सरवा म्हणत. त्याचीही रीत होती. मालकाची शेवटची गाडी बांधाबाहेर पडेपर्यंत रानात पाय ठेवायचा नाही. मग गावातल्या बायका आधी, आणि बौद्धवाड्यातल्या सगळ्यांच्या मागून. तोवर बांधावर उन्हात बसून राहायचं. यांची पाळी येईपर्यंत रान धुऊन पुसून काढल्यासारखं झालेलं असायचं. सिंधूची आई मग जमिनीकडे बघायचीच नाही, आधी वर बघायची. पाखरं कुठं उतरतायत ते हेरायची. चिमण्या, साळुंक्या जिथं उतरतात तिथं ढेकळाआड एखादं कणीस असायचंच. त्या अंगाला ती पोरीला पिटाळायची. आणि घरी निघताना ओटीतलं एक कणीस काढून बांधावर ठेवायची. सिंधूला ते ठेवलेलं बघवत नसे; पोटात आग पडलेली असताना हातातलं कणीस मागं टाकून जायचं म्हणजे काय. ती भोकाड पसरायची. आई म्हणायची, पाखरांनी दावलं म्हनून आपल्याला घावलं. दावनाऱ्याचा वाटा ठिवायचा असतोय.

लग्न होऊन सिंधुबाई घाटनांदूरला आली. नवरा बाळू स्टेशनजवळच्या धान्याच्या एका आडतीत हमाल होता. पाठीवर पोतं आणि तोंडात चेष्टा, असा गडी. हमालांच्या बायकांना आडतीत एक सवलत होती. दिवसभराची मापं संपली की संध्याकाळी समोरचा ओटा झाडायचा आणि जे सांडलं असेल ते घरी न्यायचं. त्या झाडणीत सगळंच असायचं. तूर, मूग, ज्वारी, हरभरा, भुईमुगाचे दाणे, आणि त्याच्या दुप्पट माती, खडे, सुतळीचे तुकडे. सिंधुबाई ते पाटीत भरून आणायची, सुपाने पाखडायची, पण एकेक धान्य वेगळं निवडायला तिच्याजवळ वेळ नसे. पोरांना बसवलं तर ती दोन मुठी निवडून पसार व्हायची. शहादेव थोरला, वनिता मधली, नवनाथ शेंडेफळ. तिघांनाही दम निघत नव्हता. तेव्हा तिने त्यांच्यासाठी खेळ काढला आणि त्याचं नाव ठेवलं सरवा.

कोळशाने भुईवर चौकोनी रान आखायचं. त्याची घरं पाडायची आणि घराघरात न निवडलेल्या धान्याची एकेक मूठ ठेवायची. खेळायला पाखरं दोन. बाळूच्या जुन्या कोटाचं काळं बटण म्हणजे कावळा, आणि घासून गोल केलेली खापरी म्हणजे चिमणी. चिंचोके फोडून केलेल्या फाका टाकायच्या, जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं दोन्हीपैकी कोणतंही पाखरू चालवायचं. ते थांबेल त्या घरातली मूठ आपली, पण निवडली तरच. ज्वारी ज्वारीत, तूर तुरीत. ढिगात एक खडा सापडला तर आख्खी मूठ परत रानात. पोरं मान वर न करता निवडत बसायची.

पाखरं मात्र कुणाचीच नव्हती. आपण कावळ्याला दमाने भुईमुगाजवळ आणून ठेवावं आणि पुढच्याने त्यालाच चालवून मूठ लांबवावी, असा तो डाव होता. म्हणून भांडणं जुंपायची. शहादेव चिमणी मुठीत धरून बसायचा, मघाच म्या आनली, माझीच हाय म्हणायचा. माय त्याची मूठ उकलायची आणि विचारायची, पाखरू का कुनाच्या दावनीला बांधलेलं असतंय?

मधल्या घरात फक्त एक शेंगदाणा असायचा. तो पाखराचा. रान मोकळं झालं, सगळ्यांचे ढीग मांडून झाले, की तो उचलून पत्र्यावर फेकायचा. नवनाथ एकदा त्या दाण्यासाठी हट्टाला पेटला. खेळ सोडून पाय आपटायला लागला. मायने त्याला मांडीवर ओढलं.

"दिसभर कुनासाठी हिंडलं रं ते पाखरू? तुज्यासाठी का त्याच्यासाठी?"

"माज्यासाठी."

"मग त्यानं राबायचं आन् उपाशी निजायचं व्हय?"

नवनाथला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, पण पुढं तो दाणा पत्र्यावर फेकायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

या खेळात माय कायम हरायची. तिचा ढीग सगळ्यांत लहान. मायला खेळता येत नाही, असंच ती तिघं धरून चालली होती आणि त्यावरून तिला चिडवायची. ज्याला दुपारची भाकरी कमी आली, त्याच्या पुढ्यात पाखरू आणून ठेवण्यासाठी किती डोकं चालवावं लागतं, हे वनिताला कळलं ते करिष्मा झाल्यावर.

वनिता चौथीत असताना आडतीतली पोत्यांची थप्पी सरकली. बाळूला खालून काढलं तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती, अंबाजोगाईला नेईपर्यंत तीही राहिली नाही. दोन पोती फुटली होती आणि तूर ओट्याभर पसरली होती. मातीचं सगळं उरकल्यावर सिंधुबाई पाटी आणि केरसुणी घेऊन आडतीत गेली. ओटा झाडायचा तिचा हक्क होता, आणि ती तूर तिने झाडली नसती तर दुसरीने झाडून नेली असती. त्या दिवशी तिने रान आखलं नाही. भिंतीला टेकून एकटीने ती तूर निवडली, पोरांना जवळ येऊ दिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस घरात वरण शिजत होतं आणि पोरं मिटक्या मारून खात होती. ती तूर कुठली होती ते शहादेवला ठाऊक होतं. त्याने ते वनिताला सांगितलं तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं.

नवरा गेल्यावर सिंधुबाईने ओटा झाडला, लोकांच्या रानात खुरपलं, विटा वाहिल्या. वनिताला अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवलं. वनिता बी.ए., बी.एड. झाली, बीडला एका खासगी शाळेत लागली. शहादेव काळीपिवळी जीप चालवायला लागला, नवनाथ सिमेंटच्या दुकानात चिकटला. दोघांची लग्नं झाली, घराच्या मधोमध भिंत आली, चुली दोन झाल्या.

मायची वाटणी कशी करायची, यावरून मात्र वाद झाला नाही. उलट गल्लीत सगळ्यांनी नावाजलं. माय झोपणार शहादेवच्या ओसरीत. सकाळची भाकरी शहादेवकडं, सांजची नवनाथकडं. महिन्या-महिन्याच्या पाळीने म्हाताऱ्यांना गावोगाव हिंडवणारे लोक असतात. इथं तर भिंतीच्या अलीकडं पलीकडंच सगळं. सिंधुबाईला कुठं जायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं. ती स्वतःही हसून सांगायची, कारखान्यात ड्युटी असती बघ, तशी माझी जेवायची ड्युटी हाय. एकदा ती सकाळी नवनाथच्या दारात उभी राहिली, तर त्याचं लेकरू म्हणालं होतं, आजी, तुझी तर सांजची पाळी हाय ना? हेही तिने वनिताला हसतच सांगितलं होतं. लेकरू केवढं हुशार आहे याचं कौतुक म्हणून. पण त्यानंतर चुकीच्या वेळेला ती त्या दारात गेली नाही.

मग मोरीच्या पाण्यावरून दोन्ही घरांत बिनसलं. पाणी कुणाच्या दारातून जायचं, एवढंच कारण. पंचशीला म्हणजे शहादेवची बायको आणि रंजना म्हणजे नवनाथची, दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं टाकलं. भाऊही रस्त्यात भेटले तरी मान खाली घालून पुढं जायला लागले. दोन्ही घरांतून जाणारं येणारं मोठं माणूस एकच उरलं, माय.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत वनिता लेकीला घेऊन गेली तेव्हा मायला बघून ती दारातच थबकली. पोलकं अंगावर नुसतं लटकत होतं. गालाची हाडं वर आलेली. लई वाळलीस गं, असं म्हटल्यावर माय म्हणाली, वय झालं, आता का बाळसं धरू? वनिताने बॅग खाली ठेवायच्या आत स्वयंपाकघर गाठलं. पंचशीला भाकरी थापत होती. नीट जेवते का माय, असं विचारल्यावर तिने हात न थांबवता सांगितलं की आत्याबाई इथं कमीच खातात, तिकडं जेवतात. सकाळी उठवून विचारावं तर म्हणतात, रातचंच पोट भरलंय, तिकडं लई वाढलं.

संध्याकाळी वनिता भिंतीपलीकडं गेली. रंजनाने चहा टाकला, बसायला खुर्ची दिली. तिलाही हेच विचारलं. रंजना म्हणाली, "जेवतात की ताई. इथं आल्या की एक घास खाऊन उठतात. म्हणतात, सकाळचंच वर येतंय. तिकडं पोटभर खातात, मग इथं कुठं जाईल?"

वनिताच्या जिवात जीव आला. दोन घरी विचारलं, दोन्ही घरांनी जेवते असं सांगितलं. आणखी काय हवं? शहादेवच्या स्वयंपाकघराच्या दाराला तिला कुलूप दिसलं होतं, पण त्याचाही खुलासा होता. माकडांनी गावात उच्छाद मांडला होता. पत्रा उचकटून भाकरीची टोपली पळवत होती. पंचशीला सकाळी लवकर कामाला जाताना कुलूप लावून जायची. आत्याबाईंनी त्याच्या आत खाऊन घ्यावं, एवढंच. त्यांना भूक नसायची, त्याला ती तरी काय करणार.

परत निघायच्या आदल्या दुपारी करिष्माने नवा सरवा काढला. तो ती बीडहूनच करून घेऊन आली होती. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर हिरवी पिवळी घरं, कडेला बाभळी. झाडणीचं धान्य आता नव्हतं आणि निवडायचंही काही नव्हतं. घराघरात फुटाणे, डाळ्या, मुरमुरे, शेंगदाणे, आणि जे मिळेल ते तिथंच खाऊन टाकायचं. कावळ्याचं बटण मायने गाडग्यात जपून ठेवलं होतं. खापरी हरवली होती, म्हणून चिमणीच्या जागी औषधाच्या बाटलीचं पांढरं झाकण. मोठ्यांचं भांडण पोरांपर्यंत पोचलं नव्हतं. दोन्ही घरची पोरं ओसरीत गोळा झाली. शहादेव जीप धुऊन येऊन उंबऱ्यात टेकला.

आणि त्या दिवशी माय जिंकायला खेळली.

आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिने फाका टाकल्या, बटण चालवलं, फुटाणे उचलले. मग चिमणी चालवली, शेंगदाणे उचलले. कोणतं पाखरू कुठं सोडलं म्हणजे पुढच्याला डाळ्यांवर जाता येणार नाही, हे ती एका नजरेत ताडायची. पोरांना मुरमुऱ्यावर ठेवून ती दाण्यांमागून दाणे उचलत राहिली. फाका टाकायला हात वर केला की बांगड्या सरसर खाली जायच्या. जिंकलेलं तोंडात टाकता टाकता अर्धं ती पदराच्या गाठीत बांधत होती. पोरांनी कालवा केला. आजी लई चिडी हाय, आजी हावरी झाली, जिंकलेलं घरी न्यायचं न्हाई. माय म्हणाली, मला दात न्हाईत, म्या सावकाश खाईन. शहादेव हसून म्हणाला, "घ्या. जलमभर हारली, आता वसूल करायलीय."

रान मोकळं झालं. मधला शेंगदाणा तेवढा उरला. नवनाथच्या पोराने तो पत्र्यावर फेकायला हात पुढे केला, तोवर मायने तो उचलला आणि तोंडात टाकला.

करिष्मा म्हणाली, "आजी, तो पाखराचा होता. तूच नियम केला होतास."

माय हिरड्यांनी दाणा मऊ करत होती. तिने तो इकडून तिकडं फिरवला.

"पाखराचाच हाय की," ती म्हणाली. "पाखरानंच खाल्ला."

एकच हशा पिकला. शहादेव मांडीवर थाप मारून हसला, पोरं लोळली, वनितासुद्धा हसली. मायही हसली, पण तोंड मिटून. दाणा सांडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी वनिता बीडला आली. एक दिवसाआड तिचा फोन असायचाच. मायकडं मोबाईल नव्हता, म्हणून कधी दादाला, कधी नवनाथला. माय जेवली का, असं ती विचारायची. जेवली, असं उत्तर यायचं. फोन ठेवायचा. आणि पोळी लाटताना पुन्हा तो हात दिसायचा.

रविवारी सकाळी करिष्मा बापाला घेऊन सरवा मांडून बसली होती. आसाराम पहिल्यांदाच खेळत होता आणि त्याला काही केल्या नियम कळत नव्हते. वनिता स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत होती.

"पण यातलं माझं पाखरू कोणतं?"

"पप्पा, तुमचं नाही. दोन्ही सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे माझी पण ना?"

"चालवायला तुमची. म्हणजे कुणाचीच नाही."

"मग हे मधलं?"

"ते पाखराचं. पूर्वी तो दाणा शेवटी फेकायचो. आता आजीने नियम बदललाय. पाखराला भूक लागली की त्याने स्वतःच खायचं."

वनिताने विळी बाजूला सारली. मायने असा नियम कुठं बदलला होता? ती एवढंच म्हणाली होती, पाखरानंच खाल्ला. करिष्माने त्याचा सरळ अर्थ लावला होता. पाखराला भूक लागली होती. त्या ओसरीत इतकी माणसं बसली होती, ती सगळी त्या बोलण्याला हसली होती. आणि एका पोरीला ते ऐकू आलं होतं, तेही नियम म्हणून.

पंचशीला म्हणाली होती, तिकडं जेवतात. रंजना म्हणाली होती, तिकडं जेवतात. दोघींनी खोटं सांगितलं नव्हतं. मायनेच दोन्हीकडं तसं सांगितलं होतं. सकाळी पंचशीलाच्या घाईत, कुलूप लागायच्या आत, वाढ म्हणणं तिला जमलं नसेल. एखाद्या सांजेला रंजनाकडं स्वयंपाक उशिरा झाला असेल, किंवा आत नवराबायकोच्या भांडणाचा आवाज आला असेल, आणि ती दारातूनच परत फिरली असेल. इकडं विचारलं तर तिकडं खाल्लं, तिकडं विचारलं तर इकडं. 'तिकडं' या एका शब्दाने तिने दोन्ही चुली झाकून ठेवल्या होत्या. आणि दोन्ही घरं एकमेकांशी बोलत असती तर एका दिवसात ते उघडं पडलं असतं. पंचशीला अंगणातून नुसतं ओरडून विचारती, आत्याबाई रात्री काय जेवल्या गं? पण तो प्रश्न विचारायला भिंतीला भोकच उरलं नव्हतं.

आपण तरी वेगळं काय करत होतो, असं वनिताच्या मनात आलं. शाळेत कुणी विचारलं, आई कुठं असते, की तीही सहज म्हणायची, तिकडं असते, भावांकडं.

तिने हात धुतले आणि फोन घेतला, पण लावला नाही. लावायचा कुणाला? दादाला लावला तर तो म्हणेल, इथं तर खाती, तिकडंच कमी पडत असंल. नवनाथला लावला तर तो हेच उलटं म्हणेल. मग दोन्ही घरांत पुन्हा पेटेल, आणि मध्ये उभी राहून माय म्हणेल, माझं पोट भरलंय, माझ्यावरून भांडू नका. गेल्या साली मायच्या मोतीबिंदूवरून वनिता बोलली होती, तेव्हा शहादेवने ऐकवलं होतं, तुला लई कळवळा असंल तर ने की. तिने नेण्याची तयारीही केली होती. मायच तयार झाली नाही. लेकीच्या दारात म्हातारपन काढलं तर लोक माझ्या लेकांच्या तोंडात शेन घालतील, म्हणाली. आणि त्या भांडणानंतर कितीतरी दिवस वनिताचा फोन आला की ती परसात निघून जायची.

या वेळीही तसंच होईल. कदाचित त्याहून वाईट. लेकांची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून माय तिचं तोंड बघणार नाही. पदराची गाठ वनिताला आठवली. त्या गाठीत फुटाणे बांधताना मायची बोटं किती घाईने चालत होती. आडतीचा ओटा झाडताना ती अशीच चालायची, दुसरी कुणी यायच्या आत. ती गाठ किती दिवस पुरली असेल? ती संपून आता किती दिवस झाले?

बाहेर आसाराम हरला होता आणि करिष्मा त्याला हिणवत होती. मधल्या घरात शेंगदाणा तसाच होता. वनिताने तो बघितला.

दोघा भावांना वेगवेगळं विचारलं की उत्तर कायम तेच येणार. दोघं एकाच फोनवर असले तर 'तिकडं' म्हणायला जागा राहत नाही. दादा म्हणाला तिकडं, तर तिकडचा तिथंच असेल. नवनाथ म्हणाला तिकडं, तर तोही. माय जेवली का, असं विचारायचंच नाही. काल मायने तुझ्या घरी काय खाल्लं, ते ताटातलं सांग, असं विचारायचं. आधी दादा, मग नवनाथ, दोघांनी एकमेकांचं ऐकायचं. शिव्या दिल्या तरी फोन ठेवू द्यायचा नाही. रविवार होता. जीप दारात असेल, दुकान बंद असेल. दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना घरातच असतील.

"करिष्मा," तिने हाक मारली. "इकडं ये गं. दोन्ही मामांना एकाच वेळी फोनवर कसं घ्यायचं, ते दाखव मला."